निवडताना

दादाला जाऊन वर्ष होत आलं तेव्हा घरात ठरलं, की पुण्यस्मरणाच्या दिवशी त्याच्यावर एक छोटी पुस्तिका काढायची. सोळा पानं, वर त्याचा फोटो, फोटोखाली दोन सालं. लिहायचं काम साहजिकच माझ्याकडं आलं. घरात एखादी लिहिणारी बाई असली, की बारशाच्या पत्रिकेपासून श्रद्धांजलीपर्यंत सगळा मजकूर तिच्याच गळ्यात पडतो, हे तुमच्यापैकी कितीतरी जणींना अनुभवानं माहीत असेल.

चार रात्री बसून मी लिहून काढलं. दादाच्या आयुष्यातले दहा प्रसंग निवडले. इंजिनिअरिंगची पदवी, उद्यमबागेत भाड्याच्या शेडमध्ये सुरू केलेली छोटी फाउंड्री, पुण्याहून मिळालेली पहिली मोठी ऑर्डर, आम्हा दोघी बहिणींची त्यानं करून दिलेली लग्नं, बस्तीच्या जीर्णोद्धाराला दिलेली देणगी, एका कामगाराच्या मुलीला नर्सिंगला पाठवलं ते. असं एकेक. वाचताना माझाच ऊर भरून आला. पुस्तिकेचं नावही ठरवून टाकलं, ‘एक आदर्श जीवन’. छापायला द्यायच्या आधी वैनींना दाखवावं म्हणून सकाळी त्यांच्याकडं गेले.

वैनींनी चष्मा लावून सगळं सावकाश वाचलं. कागद घडी घालून टीपॉयवर ठेवले आणि आत जाऊन चहा टाकला. कप माझ्या हातात देत म्हणाल्या, “छान लिहिलंयस. ह्यातलं काही खोटं नाही.” मग जरा थांबून म्हणाल्या, “पण हे ह्यात सापडंनात गं मला.”

मला ते लागलं. चार रात्रींचं जागरण माझं आणि ह्यांना नवरा सापडत नाही! पण वैनी कशाबद्दल बोलत होत्या हे मला आतून कळलं होतं. दादाच्या आयुष्यात 1997 ते 2002 अशी पाच वर्षं होती. भागीदारी मोडली, बँकेचं कर्ज थकलं, शेडला कुलूप लागलं. दादा मागच्या सोप्यात जाऊन बसला तो जणू पाच वर्षं उठलाच नाही. कुणाशी बोलेना. बोलला तर खेकसायचा. पुढं डॉक्टर, गोळ्या, सगळं झालं. त्या पाच वर्षांत वैनींनी पापड, शेवया, चटण्यांच्या पुड्या करून विकल्या, रात्री ब्लाउज शिवले, दोन मुलांच्या फिया भरल्या. ह्या सगळ्यावर माझ्या सोळा पानांत एक वाक्य होतं: मधल्या खडतर काळात पत्नीने खंबीर साथ दिली. सात शब्द. वर्षाला दीड शब्दसुद्धा नाही.

“वैनी, तसलं सगळं कसं छापायचं?” मी म्हटलं. “लोक काय म्हणतील?”

“छाप असं कुठं म्हटलं मी?” त्या म्हणाल्या. “निवडायच्या आधी मला विचारलंस का, एवढंच.”

ह्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. ते शोधताना मला मदत झाली ती एका अशा गोष्टीची, की जिचा आमच्या घरातल्या बायकांशी कधी काही संबंध आला नव्हता.

पुस्तिकेसाठी जुना फोटो हवा होता म्हणून दुपारी भाच्याबरोबर दादाचं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात बिलबुकांखाली एक कॅसेट सापडली. बघताक्षणी ओळखली. कॉलेजात असताना दादाचा एक गोव्याचा मित्र होता. त्याचे मामा बोटीवर होते, त्यांनी आणलेली ही कॅसेट मित्रानं दादाला दिली होती. ईगल्स नावाच्या अमेरिकन बँडची निवडक गाजलेली गाणी. वर निळसर पांढऱ्या पार्श्वभूमीवर गरुडाची कवटी. ती बघून आईनं तेव्हा ठणकावलं होतं, “हे असलं हाडूक देवाच्या खोलीकडं दिसता कामा नये.” म्हणून दादा ती उशीखाली ठेवायचा. इंग्रजी आम्हाला फारसं कळायचं नाही, पण रविवारी दुपारी त्याच्या खोलीतून गिटार ऐकू आली, की दादा खुशीत आहे हे घराला कळायचं.

कॅसेट वाजवायला आता टेपरेकॉर्डर कुठला? भाच्यानं तीच गाणी मोबाईलवर लावली. मी म्हटलं, ते ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ लाव, दादाचं आवडतं. तो म्हणाला, “आत्या, ते ह्यात नाहीच.” मला पटेना. ज्या एका गाण्यामुळं हा बँड आपल्याकडच्या हॉस्टेलांच्या खोल्याखोल्यांतून ओळखला जातो, ते गाणं त्यांच्या निवडक गाण्यांत नाही? मग मी वाचायला लागले आणि वाचतच गेले.

ह्या अल्बमचं नाव ‘देअर ग्रेटेस्ट हिट्स (1971–1975)’. तो निघाला फेब्रुवारी 1976 मध्ये. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ आलं त्याच वर्षी डिसेंबरात. म्हणजे सर्वोत्तम गाणी म्हणून संग्रह बाजारात आला, तेव्हा त्यांचं सगळ्यांत गाजलेलं गाणं जगानं ऐकलेलंच नव्हतं. बँडला जेमतेम साडेचार वर्षं झाली होती. पाठीशी चार अल्बम होते, 1972 ते 1975 ह्या चार वर्षांत दरवर्षी एक. आणि अल्बमच्या नावातच दोन सालं, आमच्या पुस्तिकेतल्या फोटोखाली होती तशी. फरक एवढाच, की ती माणसं जिवंत होती, तरुण होती आणि काम करत होती.

मग एवढी घाई कुणाला होती? रेकॉर्ड कंपनीला. बँडचं पुढचं काम तयार व्हायला वेळ लागणार होता. तोवर दुकानात काहीतरी नवं दिसायला हवं, म्हणून जुन्यातलंच निवडून नवं केलं. बँडचा ढोलकवाला आणि गायक डॉन हेन्ली ह्याला हे आवडलं नव्हतं, आणि ते त्यानं उघड बोलून दाखवलं. विशेषतः ‘टकीला सनराइज’ आणि ‘डेस्पराडो’ ही दोन गाणी उचलून वेगळी काढली ह्याचा त्याला राग होता. ती एका मोठ्या गोष्टीचा भाग आहेत, त्यांना त्या गोष्टीतून बाहेर काढलं की मूळ कामाचं नुकसान होतं, असं त्याचं म्हणणं.

आणि पुढं झालं काय? अमेरिकेत दहा लाखांच्या विक्रीसाठी 1976 मध्ये ‘प्लॅटिनम’ हा किताब सुरू झाला. तो मिळवणारा पहिला अल्बम हाच. तिथल्या यादीत तो पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. 2018 मध्ये पुन्हा हिशोब मांडला तेव्हा तो 3 कोटी 80 लाखांवर गेला होता, आणि मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’लाही त्यानं अमेरिकेच्या हिशोबात मागं टाकलं होतं. जपून ठेवण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची जी राष्ट्रीय नोंद तिथं केली जाते, तिच्यातही त्याला जागा मिळाली. ज्यांची गाणी त्यांनाच जो संग्रह नको होता, तो जगानं डोक्यावर घेतला.

हे वाचून पहिल्यांदा मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? मनात म्हटलं, बघा वैनी! लोकांना निवडलेलंच हवं असतं. दादानंसुद्धा ते चार अल्बम कुठं घेतले होते? त्यानंही हीच एक कॅसेट उशाशी ठेवली. सगळं ऐकायला वेळ कुणाला आहे? माणूस गेल्यावर त्याचं चांगलं तेवढं सांगावं, ही आपल्याकडची रीत काही वाईट नाही.

निवडण्याची बाजू मी सहज सोडणार नाही, कारण ती खरोखर भक्कम आहे. ‘डेस्पराडो’ ह्या गाण्याचंच बघा. ते ज्या अल्बममध्ये होतं त्याचंही नाव ‘डेस्पराडो’, साल 1973. तो अल्बम फारसा चालला नाही, अमेरिकन यादीत 41 व्या क्रमांकापर्यंत जाऊन थांबला. हे गाणं तर सुटं असं कधी बाजारात आलंच नव्हतं. दहा गाण्यांतली बाकीची नऊ सुटी निघाली होती, हे एकच तसं नव्हतं. म्हणजे ‘गाजलेली गाणी’ ह्या नावाखाली एक न गाजलेलं गाणं आत आलं, आणि आज ते त्यांच्या सर्वांत जास्त ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांत आहे. निवडणाऱ्यानं एका मागं पडलेल्या गाण्याला पाटावर बसवलं. निवडीत असा न्यायही असतो. आपल्या घरातल्या एखाद्या अबोल काकूची एखादी गोष्ट कुणीतरी निवडून सांगतं, म्हणून तर ती पुढच्या पिढीला कळते.

पण त्याच गाण्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती कळली तेव्हा माझा चहा गार झाला. मूळ अल्बम हा अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या जुन्या दरोडेखोरांवर होता. घोड्यावरून बँका लुटणारी डाल्टन आणि डूलिन ह्यांची टोळी, आणि त्यांच्या आडून गाणाऱ्या मुलांचं स्वतःचंच भटकं, बेफाम आयुष्य. त्यात हे गाणं पहिल्या बाजूच्या शेवटी येतं. एका हट्टी, एकट्या पडलेल्या माणसाला कुणीतरी समजावतंय, आता पुरे, कुणाचं तरी प्रेम घे, असं. मग बाजू उलटायची, आणखी काही गाणी जायची, आणि दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी त्याचाच धागा पुन्हा येतो. मधे जे घडलं ते ऐकून झालेलं असतं, म्हणून तो शेवट काळजाला भिडतो. निवडक संग्रहात मधलं काहीच नाही आणि तो शेवटही नाही. समजावणारा आवाज आहे, पण हा माणूस एवढा हट्टी का झाला आणि त्याचं पुढं काय झालं, ते कळायला वाट नाही.

माझं ते सात शब्दांचं वाक्य तसंच होतं. ‘खंबीर साथ.’ कशात साथ? कुणाच्या रागाला साथ, किती रात्री, किती पापड लाटून? खडतर काळ काय होता हेच सांगायचं नाही म्हटल्यावर साथीला अर्थ कुठून यायचा? दादाच्या पडत्या वर्षांना मी पुस्तिकेतून बाहेर काढलं, आणि माझ्या लक्षातही आलं नाही, की त्यांच्याबरोबर वैनीही बाहेर गेल्या. माणसाच्या अपयशात तो एकटा कधीच नसतो. ते अपयश कुणीतरी खांद्यावर वाहिलेलं असतं. अपयश झाकलं की तो खांदाही झाकला जातो. आणि आपल्या घरांतून तो खांदा बहुतेक वेळा बाईचाच असतो, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

ह्या विचारानं मी त्या कॅसेटवरची गाणी पुन्हा ऐकली, ह्या वेळी नावं शोधत. बँड सुरू झाला तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये चौघं होते: ग्लेन फ्राय, डॉन हेन्ली, रँडी माइज्नर आणि बर्नी लेडन. पाचवा डॉन फेल्डर 1974 मध्ये आला. संग्रहातल्या दहा गाण्यांत मुख्य आवाज फ्रायचा पाच गाण्यांत, हेन्लीचा चार गाण्यांत, माइज्नरचा एका गाण्यात. आणि लेडनचा? एकाही नाही. तो गात नव्हता असं नाही. मूळ अल्बममध्ये त्यानं म्हटलेली गाणी आहेत, ती निवडली गेली नाहीत इतकंच. पण पहिलं गाणं लावा, ‘टेक इट ईझी’. त्यात पुढं पुढं जो बँजो भरभर वाजत राहतो आणि सगळ्या गाण्याला पळवतो, तो त्याचा. ‘विची वुमन’च्या रचनेत त्याचा वाटा आहे. गाणी ऐकताना त्याची बोटं ऐकू येतात आणि मागून साथीला त्याचा आवाजही येतो. खेड्यातल्या, मातीच्या सुरांचा तो माणूस. बँडला जसजसा दणदणाट हवासा वाटू लागला, तसतसा तो बाजूला पडत गेला, आणि 1975 संपता संपता बाहेर पडला. दोन महिन्यांनी निवडक गाणी निघाली. कोट्यवधी घरांत तो वाजतो आहे आणि त्या घरांतल्या फार थोड्यांना त्याचं नाव माहीत असेल.

त्याच्यावर अन्याय झाला, असं मी म्हणत नाही. त्यांच्या भांडणात पडायला मी कोण? मी एवढंच म्हणते, की फक्त शिखरं मोजली, की शिखराखालचा दगड मोजायचा राहतो. निवडणाऱ्याच्या मनात दुष्टावा असायची गरज नाही. माझ्या तरी कुठं होता?

आणि जो निवडला जातो, त्याचं तरी भलं होतं का? माइज्नरची गोष्ट वाचून मला फार वाईट वाटलं. नेब्रास्कातल्या शेतकरी मुलखातला लाजाळू माणूस. संग्रहात त्याचं एकच गाणं, ‘टेक इट टू द लिमिट’. त्या गाण्याच्या शेवटी आवाज वर, आणखी वर जातो. लोक त्या एका सुरासाठी वाट बघायचे. रोज रात्री, नव्या गावात, हजारोंसमोर तो सूर लागलाच पाहिजे. लागला तर टाळ्या, न लागला तर काय, ही धास्ती त्याला खाऊ लागली. 1977 मध्ये नॉक्सव्हिल गावी तब्येत बरी नसताना त्यानं ते गाणं म्हणायला नकार दिला. त्यावरून फ्रायशी जुंपली, आणि त्याच वर्षी त्यानं बँड सोडला. 2023 मध्ये तो गेला, तेव्हा बातम्यांमधून त्याच गाण्याची आठवण निघाली. ज्या सुरानं त्याला घाबरवलं, तोच त्याची ओळख होऊन राहिला.

ह्यात हसण्यासारखं काही नाही, पण मला आमच्या वैनींच्या पुरणपोळ्या आठवल्या. वैनींच्या हातची पुरणपोळी हे आमच्या घराण्याचं गाजलेलं गाणंच आहे. साखरपुडा असो, डोहाळेजेवण असो, “पोळ्या मात्र तुमच्याच हातच्या हं!” ही फर्माईश ठरलेली. गेली दहा वर्षं त्यांच्या मनगटाला कळ लागते. पण कुणाला सांगायचं? सांगितलं तर त्या ‘पूर्वीच्या राहिल्या नाहीत’. आपल्यातल्या प्रत्येकीचं असं एखादं गाणं असतं. कुणी सुगरण, कुणी हसतमुख, कुणी सोशिक. ‘सोशिक’ हा तर फारच गाजलेला सूर. एकदा तो लागला, की बाईला मरेपर्यंत त्याच पट्टीत गावं लागतं. स्तुतीसुद्धा माणसाला कोंडून घालते, हे मला एका अमेरिकन गवयानं शिकवलं.

आपल्याकडं संध्याकाळी प्रतिक्रमण करताना आपण दिवसातल्या चुका आठवतो, कुणाला दुखावलं ते आठवतो. दिवसभरात काय चांगलं केलं त्याची यादी तिथं कुणी म्हणत नाही. मी हे लहानपणापासून करत आले. पण स्वतःपुरतं जे पाळलं, ते दादाबद्दल लिहिताना विसरले. दुसऱ्याच्या चुका उगाळू नयेत हे खरंच. म्हणून दुसऱ्याचं अर्धंच आयुष्य खरं मानावं, असं मात्र कुणी सांगितलेलं नाही.

मग करायचं काय? सगळंच्या सगळं तर कुणालाच सांगता येत नाही. सोळा पानांत अडुसष्ट वर्षं कशी मावणार? निवडावं तर लागणारच. प्रश्न निवडावं की नाही हा नाहीच. निवडण्याचा हक्क कुणाचा आणि निवडताना कुणाला विचारायचं, हा आहे. हेन्लीची तक्रार गाणी वाईट निवडली अशी नव्हती. त्याची मोडतोड होते आहे आणि त्याचं म्हणणं कुणी मोजत नाही, ही होती. वैनींचीही तक्रार तीच होती. दादावर माझा हक्क आहे, तो माझा भाऊ. पण ज्या पाच वर्षांना मी कात्री लावली, ती वर्षं माझी नव्हतीच. मी तेव्हा माझ्या संसारात होते, सणावाराला येत होते आणि ‘दादा जरा गप्प गप्प असतो’ म्हणून परत जात होते. जी वर्षं मी जगले नाही, ती टाकून द्यायला मी कोण?

दुसऱ्या दिवशी पुन्हा वैनींकडं गेले. म्हटलं, “चुकलंच माझं. आता तुम्ही सांगा, काय घालायचं?”

त्या म्हणाल्या, “हे बघ, ह्यांचं आजारपण चारचौघांत मांडायचं नाही मला. त्यांना ते आवडलं नसतं. पण एक गोष्ट लिही.” मग त्यांनी सांगितली. त्या पाच वर्षांत, सोप्यात बसलेल्या दादापुढं त्या रोज सकाळी तांदळाचं सूप ठेवायच्या. पहिले काही महिने तो बघायचाही नाही. एक दिवस त्यानं न बोलता हात घातला. खडे काढले, बारीक किडे अलगद बाजूला केले, कोंडा वेगळा केला. तेव्हापासून रोज. दोघं समोरासमोर बसायचे, मधे सूप. बोलणं काही नाही. “चार चार महिन्यांत एक शब्द बोलले नसतील, पण तांदूळ एक दिवस चुकवले नाहीत,” वैनी म्हणाल्या. “मला तेवढं पुरलं. तेच माझे हे. बाकी सगळे गावाचे.”

मी हे ह्यापूर्वी कधीच ऐकलं नव्हतं. सख्खी बहीण असून.

ते एक पान मी वैनींच्याच शब्दांत लिहिलं. आजाराचं नाव नाही, कर्जाचा आकडा नाही. काम बंद होतं, मन थकलं होतं, आणि घर वैनींच्या हातांवर चाललं होतं, एवढं मात्र सरळ लिहिलं. पापड आणि ब्लाउजही लिहिले. ‘खंबीर साथ’ खोडलं. त्याच्यासाठी आधीच्या दहांतली दोन पानं काढावी लागली. पुण्याच्या ऑर्डरचं एक आणि त्याला मिळालेल्या एका सत्काराचं एक. काढताना हात अडखळला, पण भाचा म्हणाला, “राहू दे आत्या, सत्काराचा फोटो हॉलमध्ये आहेच की.”

राहिलं नाव. ‘एक आदर्श जीवन’ आता चालणार नव्हतं. त्या कॅसेटकडं बघताना एक गोष्ट ध्यानात आली होती. कंपनीनं काहीही केलं असो, नाव मात्र प्रामाणिक ठेवलं होतं. ही ह्यांची गाजलेली गाणी आहेत आणि ती ह्या सालापासून ह्या सालापर्यंतची आहेत, असं वरच सांगून टाकलं होतं. हाच तो अख्खा बँड, असा दावा त्यात नाही. ऐकणाऱ्याला आवडलं तर त्यानं मूळ अल्बमकडं जावं, दार उघडं आहे. आदर्श जीवन म्हटलं की दार बंद होतं. पुढं कुणी काही विचारायचंच नाही, आणि कुणी काही सांगायचंही नाही.

पुस्तिकेचं नाव शेवटी ‘दादाच्या काही आठवणी’ असं ठेवलं. ‘काही’ हा शब्द छापखान्यात दोनदा गळला, मी दोनदा घालून घेतला.

पुण्यस्मरणाच्या दिवशी पुस्तिका वाटली. लोक चाळत होते. देणगीचं पान बघून मान डोलवत होते. पंगत उठल्यावर समाजातल्या एक बाई, माझ्यापेक्षा वयानं मोठ्या, वैनींजवळ येऊन बसल्या. तांदळाचं पान उघडं धरून म्हणाल्या, “आमच्या ह्यांचंही असंच झालं होतं. तीन वर्षं. कुणाला सांगितलं नाही आजवर.” वैनी त्यांच्याकडं सरकल्या. दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. उठून आत गेले आणि रिकामी ताटं गोळा करायला लागले.